बुचाचचा बखरकार: श्मुएल योसेफ अग्नॉन

१९२४ सालच्या जून महिन्यात जर्मनीतल्या बाड होम्बुर्ग या गावी एका घराला आग लागली. माणसे वाचली, पण घरातली सुमारे चार हजार पुस्तके आणि हस्तलिखितांचे गठ्ठे जळून खाक झाले. त्यात एक मोठी, आत्मचरित्राच्या अंगाने जाणारी कादंबरी होती. ती लवकरच छापून येणार अशी जाहिरातही झालेली होती. मार्टिन बूबर या तत्त्वज्ञाबरोबर जमवलेल्या ज्यूंच्या हसिदी या भक्तिपंथातल्या संतकथांचा मोठा संग्रहही त्या आगीत गेला. ज्याचे हे सगळे गेले तो श्मुएल योसेफ अग्नॉन तेव्हा पस्तिशी ओलांडलेला होता आणि त्याच्या पदरी दोन लहान मुले होती. ती कादंबरी पुन्हा कधीच लिहून झाली नाही.

हा पहिला घाव. पाच वर्षांनी जेरुसलेममधले त्याचे घर दंगलीत लुटले गेले. त्यानंतर चौदा वर्षांनी, तो ज्या गावात जन्मला आणि ज्याच्याविषयी आयुष्यभर लिहीत राहिला, त्या गावातले ज्यू संपवले गेल्याचे कळले. दर वेळी हा माणूस पुन्हा लिहायला बसला. १९६६ साली त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. हिब्रू भाषेला मिळालेले साहित्याचे ते पहिले आणि आजवरचे एकमेव नोबेल.

अग्नॉनवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कुणी त्याला श्रद्धाळू म्हणतात, कुणी संशयवादी. कुणी जुन्या कथनपरंपरेचा शेवटचा वारसदार म्हणतात, कुणी काफ्काच्या जातकुळीतला आधुनिक. मला तो सर्वांत आधी एका गावाचा बखरकार वाटतो. बखरीत सनावळीबरोबर माणसांची बोलणी, रुसवेफुगवे, मानपान आणि दगाफटकाही येतो. अग्नॉनने त्याच्या गावाचे तसेच केले, आणि तेही गाव नाहीसे होत असताना आणि नाहीसे झाल्यावर.

ते गाव म्हणजे बुचाच. आज ते युक्रेनमध्ये आहे. तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातल्या गॅलिशिया प्रांतात होते. स्त्रिपा नदीच्या काठी, टेकड्यांच्या कुशीत वसलेले व्यापारी गाव. पोलिश जमीनदार, युक्रेनियन शेतकरी आणि निम्म्याहून अधिक वस्ती ज्यूंची. मुलाचे घराणे चाचकेस. वडील शालोम मोर्देखाय केसाळ कातड्यांचा, म्हणजे फरचा, व्यापार करीत आणि धर्मशास्त्रात पारंगत होते. ते हसिदी पंथाचे, तर आईचे माहेर त्या पंथाला न मानणारे. वडिलांकडून पोथ्या आणि संतांच्या आख्यायिका, आईकडून जर्मन गोष्टी, अशी दुहेरी शिदोरी पाच भावंडांतल्या या थोरल्याला मिळाली. पंधरा-सोळाव्या वर्षी, १९०३ साली, त्याचे लेखन छापून येऊ लागले. यिडिशमध्येही आणि हिब्रूतही.

जन्मतारखेविषयी तो सांगे की ती १८८८ सालच्या आठव्या महिन्याची आठ तारीख, आणि ज्यू पंचांगाने अव महिन्याची नवमी. जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले म्हणून जगभरचे ज्यू ज्या दिवशी उपास करून शोक पाळतात, तो हा दिवस. कागदपत्रे मात्र १८८७ हे साल दाखवतात. पण आपले आयुष्य आपल्या समाजाच्या इतिहासाच्या तारखांना बांधून घ्यायचे, हे त्याने फार लवकर ठरवलेले दिसते.

१९०८ साली तो तेव्हाच्या तुर्की अमलाखालच्या पॅलेस्टाइनमध्ये, जाफा बंदरात उतरला. रशिया आणि पूर्व युरोपातून तरुण ज्यूंच्या झुंडी तेव्हा तिथे येत होत्या. शेतीवर राबायचे, हिब्रू बोलायची, नवा समाज उभा करायचा, असे त्यांचे मनसुबे होते. अग्नॉनने कारकुनी केली, शिकवण्या केल्या, आणि त्याच वर्षी ‘हा-ओमेर’ या नियतकालिकात ‘अगुनोत’ ही कथा छापली. नवरा बेपत्ता झालेली किंवा काडीमोड न मिळालेली, त्यामुळे पुन्हा लग्न करता न येणारी स्त्री म्हणजे ‘अगुना’. त्या कथेच्या नावावरून त्याने ‘अग्नॉन’ हे टोपणनाव घेतले आणि पुढे तेच त्याचे आडनाव झाले.

इथे हिब्रूविषयी थोडे सांगायला हवे. कितीतरी शतके ही भाषा प्रार्थनेची, पोथ्यांची आणि विद्वानांच्या पत्रव्यवहाराची होती. घरात आणि बाजारात ज्यू माणूस जिथे राहील तिथली भाषा बोले. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलांचेही तसेच होते. प्रार्थना हिब्रूत, संसार मराठीत. तरीही हिब्रूत कादंबरी लिहिली जाऊ लागली ती हिब्रू बोलली जाऊ लागण्याच्या आधीच. लिथुआनियातल्या अब्राहम मापूची ‘अहावत त्सियोन’ ही पहिली हिब्रू कादंबरी १८५३ सालची. आपल्या बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’च्या फक्त चार वर्षे आधीची. अग्नॉन जाफात उतरला तेव्हा हिब्रू रस्त्यावर येत होती. नवे शब्द घडवले जात होते आणि लेखकांना ती रोजच्या बोलण्यासारखी लिहायची घाई झाली होती. अग्नॉनने ती घाई केली नाही. मिश्ना आणि मिद्राश हे प्राचीन ज्यू ग्रंथ, मध्ययुगीन भाष्ये आणि हसिदी कथा यांतून घडलेले, ऋषींच्या तोंडी शोभेल असे गद्य त्याने निवडले. आज कुणी लीळाचरित्राच्या वळणाच्या मराठीत आधुनिक माणसाची फसगत, प्रेमभंग आणि वेड सांगावे, आणि ते वाचताना एकही शब्द मुद्दाम जुना केल्यासारखा वाटू नये, तसा हा प्रकार होता.

या गद्याचा पहिला मोठा प्रत्यय १९१२ साली आला. एका नियतकालिकात आलेली त्याची लघुकादंबरी वाचून योसेफ हाइम ब्रेनर हा कादंबरीकार इतका भारावला, की स्वतः ओढगस्तीत असतानाही पदरमोड करून त्याने ती पुस्तकरूपाने काढली. ‘वाकडे ते सरळ होईल’ असे तिचे नाव. गोष्ट बुचाचचीच आहे. मेनाशे हाइम आणि त्याची बायको यांचे दुकान बुडते. मूलबाळ नाही, पैसा नाही. गावच्या रब्बीकडून, म्हणजे धर्मगुरूकडून, तो सचोटीच्या माणसाचे शिफारसपत्र घेतो आणि ते दाखवत परगावी भीक मागत हिंडू लागतो. थोडे पैसे जमल्यावर ते पत्र तो दुसऱ्या एका भिकाऱ्याला विकतो. तो भिकारी वाटेत मरतो. त्याच्या खिशातल्या पत्रावरून मेनाशे हाइम मेला असे ठरते, त्याची बायको विधवा म्हणून दुसरे लग्न करते आणि तिला मूल होते. नेमक्या त्याच वेळी हा गावी परततो.

तो वेशीवर येतो तेव्हा त्या मुलाच्या सुंतेचा समारंभ चाललेला असतो. हा जिवंत आहे असे कळले, तर कायद्याने बायको व्यभिचारिणी ठरणार आणि मूल अनौरस. हा गप्प राहतो. एका स्मशानात आसरा घेऊन तिथेच मरणाची वाट पाहतो. बायकोने आपल्या ‘मेलेल्या’ नवऱ्यासाठी, त्याच्या नावाचा दगड त्या भिकाऱ्याच्या थडग्यासाठी घडवून घेतलेला असतो. हकिगत ठाऊक असलेला स्मशानाचा राखणदार तो दगड खऱ्या मेनाशे हाइमच्या थडग्यावर नेऊन ठेवतो. एवढे भयंकर सांगताना निवेदकाचा सूर मात्र धर्मग्रंथ वाचून दाखवणाऱ्या सात्त्विक माणसाचा. जगाचा न्याय आणि गोष्टीचा सूर यांतली ही फट हे अग्नॉनच्या लेखनाचे मर्म आहे, आणि वयाच्या पंचविशीतच ते त्याला गवसले होते. ब्रेनर पुढे १९२१ च्या मे महिन्यात जाफाजवळच्या दंगलीत मारला गेला.

१९१२ च्या अखेरीस अग्नॉन बर्लिनला गेला. मध्येच महायुद्ध आले आणि मुक्काम बारा वर्षांचा झाला. या काळात सलमान शॉकन हा डिपार्टमेंट स्टोअर्सचा धनिक मालक त्याला भेटला. शॉकन दुर्मीळ ग्रंथांचा संग्राहक होता. या तरुणाची पारख त्याला पटकन झाली आणि लेखनाला निर्वेध वेळ मिळावा म्हणून त्याने त्याला तनखा बांधून दिला. हे नाते शॉकनच्या मृत्यूपर्यंत टिकले. पुढे शॉकनने बर्लिनमध्ये प्रकाशनसंस्था काढली, आणि १९३१ साली तिच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत अग्नॉनच्या समग्र साहित्याचे चार खंड होते. नाझींनी ही संस्था १९३८ साली बंद पाडली.

१९२० साली अग्नॉनचे एस्तर मार्क्सशी लग्न झाले. लग्नानंतर बिऱ्हाड बाड होम्बुर्गला. हिब्रू कवी बियालिक तिथेच होता. अहाद हाआमसारखे विचारवंतही काही काळ तिथे राहिले. दोन-तीन वर्षे ते लहानसे जर्मन गाव हिब्रू साहित्याचे माहेरघर झाले. मग ती आग लागली. अग्नॉनने पुढे सांगितले की सगळे जळून गेल्यावर देवाने त्याला जेरुसलेमला परतायची बुद्धी दिली. १९२४ च्या अखेरीस तो एकटाच गेला. बायकामुले नंतर आली. तारुण्यात सैल झालेले धर्माचरण त्याने तिथे पुन्हा धरले आणि शेवटपर्यंत सोडले नाही.

जेरुसलेमही त्याला सुखासुखी लाभले नाही. १९२७ च्या जुलैतल्या भूकंपाने राहते घर खिळखिळे झाले, तेव्हा तो गावाबाहेरच्या तालपियोत वस्तीत गेला. १९२९ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम भिंतीवरच्या हक्काच्या वादातून पॅलेस्टाइनभर दंगल पेटली. आठवडाभरात १३३ ज्यू आणि ११६ अरब मारले गेले. तालपियोतमधले अग्नॉनचे घर लुटले गेले आणि पुस्तके, कागद विखुरले. १९३१ साली त्याने त्याच वस्तीत नवे घर बांधले: सपाट छपराचे, चौकोनी, वरच्या मजल्यावर पुस्तकांनी भरलेली अभ्यासिका. त्या खोलीत तो उभ्यानेच, एका उंच मेजावर लिही. अक्षर इतके बारीक आणि गिचमिड की इतरांना लागत नसे. एस्तर त्याच्या प्रती करून देई. पुढे रहदारीचा त्रास होऊ लागला, तेव्हा लेखक काम करतो आहे, शांतता राखा, अशी पाटी नगरपालिकेने त्या रस्त्यावर लावली.

नव्या घराच्या आधी, १९३० साली, तो समग्र खंडांच्या कामासाठी जर्मनीला गेला होता. त्या वेळी वाट वाकडी करून तो बुचाचला जाऊन आला. तो तिथे फार दिवस राहिला नाही. पण त्या थोड्या दिवसांतून, आठ-नऊ वर्षे मनात मुरल्यावर, त्याची सर्वांत महत्त्वाची कादंबरी निघाली. ‘रात्रीच्या मुक्कामाचा पाहुणा’ ही कादंबरी १९३८-३९ मध्ये ‘हाआरेत्झ’ या दैनिकात क्रमशः आली.

जेरुसलेममध्ये राहणारा एक लेखक योम किप्पूर या उपासाच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी आपल्या जन्मगावी येतो. कादंबरीत गावाचे नाव शिबुश आहे, म्हणजे बिघाड, विस्कोट. पहिल्या महायुद्धाने गाव मोडून टाकले आहे. कुणाला पाय नाही, कुणाला मुलगे नाहीत, कुणाला श्रद्धा नाही. लाकडी पाय लावलेला दानिएल बाख सांगतो की खंदकात अंधारात चाचपडताना प्रार्थनेच्या वेळी दंडाला बांधायची कातडी पट्टी त्याच्या हाताला लागली. बघतो तर ती एका मेलेल्या माणसाच्या हाताला तशीच बांधलेली होती. तेव्हापासून त्याने प्रार्थना सोडली.

गावात एक जुने बेत मिद्राश आहे. पोथ्या वाचायच्या, वाद घालायचे आणि प्रार्थनाही करायची, अशी ती वास्तू. लोक गाव सोडून चालले आहेत, तिथे जायला कुणी उरलेले नाही. जाता जाता ते या पाहुण्याच्या हाती तिची किल्ली देतात. पाहुण्याला वाटते की ही वास्तू जागी झाली की गाव जागे होईल. हिवाळा येतो. तो पदरचे पैसे मोडून जळण आणतो आणि शेगडी पेटवतो. ऊब मिळते म्हणून माणसे येऊ लागतात, पोथ्या उघडल्या जातात, प्रार्थनेला हवी तेवढी संख्या भरू लागते. आणि मग वसंत येतो. उन्हे तापतात, शेगडीची गरज संपते आणि माणसे पांगतात. श्रद्धेच्या पुनरुज्जीवनाची एवढी कठोर तपासणी मी दुसऱ्या कुठल्याही कादंबरीत वाचलेली नाही, आणि ती करणारा लेखक स्वतः श्रद्धावान होता.

मध्येच किल्ली हरवते. पाहुणा गावातल्या म्हाताऱ्या कुलुपवाल्याकडून दुसरी करून घेतो. निघायच्या वेळी, त्या गावात कित्येक वर्षांनी जन्मलेल्या पहिल्या बाळाला तो ती किल्ली देऊन टाकतो. जेरुसलेमला पोचून सामान उघडतो, तर हरवलेली जुनी किल्ली त्यातच सापडते. परदेशांतली प्रार्थनागृहे आणि पाठशाळा एके दिवशी पवित्र भूमीत येऊन उभ्या राहतील, असे तालमुद या ज्यू धर्मग्रंथातले वचन आहे. त्या दिवशी किल्ली आपल्याजवळ असावी म्हणून तो ती जपून ठेवतो. शेवटचे भाग छापून आले आणि काही महिन्यांतच दुसरे महायुद्ध सुरू झाले. वाचकांना कादंबरीतले मोडके गाव आठवत होते तोवर खऱ्या गावावर सोविएत सैन्य आले आणि जुलै १९४१ मध्ये जर्मन आले.

मधल्या काळात, १९३५ साली, त्याची ‘साधी गोष्ट’ आली. हिर्शल हा दुकानदाराचा मुलगा. घरात आश्रयाला आलेल्या ब्लूमा या नात्यातल्या पोरक्या मुलीवर त्याचे प्रेम. आई श्रीमंतांच्या मिनाशी त्याचे लग्न लावून देते. हिर्शल वेडा होतो. लेम्बर्गचा म्हातारा डॉक्टर लांगसाम त्याला औषधांपेक्षा गोष्टींनी आणि शांत सहवासाने बरा करतो. बरा झालेला हिर्शल घरी येतो आणि हळूहळू मिनावर खरोखरच प्रेम करू लागतो. बंड नाही, आत्महत्या नाही. ब्लूमाचे काय झाले, ते सांगायला वेगळे पुस्तक लागेल असे म्हणून निवेदक तिला सोडून देतो. कुटुंबसंस्था माणसाला चिरडते की सावरते, हा प्रश्न वाचकाच्याच गळ्यात राहतो.

याच सुमाराला तो अगदी वेगळ्या, स्वप्नासारख्या कथाही लिहीत होता. त्यांतल्या ‘अख्खा पाव’ या कथेत एकटा, भुकेला माणूस महत्त्वाची पत्रे टपालात टाकायला निघतो, वाटेत खाणावळीत शिरतो, अख्खा पाव मागवतो आणि रात्रभर त्याच्यापुढे काही येतच नाही. पत्रेही टाकून होत नाहीत. संतकथांचा लेखक म्हणून त्याच्यावर लोभ करणारे वाचक या कथांनी गोंधळून गेले.

१९४५ साली ‘काल-परवा’ ही मोठी कादंबरी आली. तिचा नायक इत्झाक कुमर हा अग्नॉनबरोबरच्याच लाटेत जाफाला आलेला तरुण. शेती करायला आलेला इत्झाक रंगारी होतो. एकदा जेरुसलेममध्ये, हातात ब्रश असताना, तो एका भटक्या कुत्र्याच्या पाठीवर सहज ‘पिसाळलेला कुत्रा’ अशी अक्षरे रंगवतो. अक्षरे वाचता येणारे सगळे त्या कुत्र्याला दगड मारू लागतात. आपला गुन्हा काय, हे त्या मुक्या जनावराला कळत नाही. कादंबरी कितीतरी पाने त्याच्या डोक्यातूनच चालते. मार खाऊन, हाकलला जाऊन तो खरोखर पिसाळतो आणि शेवटी इत्झाकलाच चावतो. इत्झाक तडफडून मरतो. त्याला पुरल्यावर देशात बऱ्याच काळाने पाऊस पडतो. पाठीवर अक्षरे लिहून एका जिवाला बहिष्कृत करण्याची ही कथा वाचकांच्या हाती आली, तेव्हा युरोपातल्या संहाराची खबर सर्वत्र पोचली होती.

बुचाचमध्येही तेच झाले होते. १९४२ च्या शरद ऋतूत हजारोंना गाड्यांत कोंबून बेल्झेत्सच्या मृत्युछावणीत नेले. बाकीच्यांना गावालगतच्या फेदोर टेकडीवर आणि ज्यूंच्या स्मशानात गोळ्या घालून पुरले. पाहुण्याने ज्या बाळाला किल्ली दिली, त्या वयाची खरी बाळे त्यांत होती.

ही बातमी कळल्यावरची रात्र अग्नॉनने ‘खूण’ या कथेत सांगितली आहे. तिची लहान आवृत्ती युद्धकाळातच आली आणि पूर्ण कथा १९६२ साली पुस्तकात आली. ज्यूंच्या शावुओत सणाची पूर्वसंध्या आहे. तालपियोतमधल्या घरी सणाची तयारी चालली आहे आणि गावातले सगळे ज्यू मारले गेल्याचे निवेदकाला कळते. सणाच्या दिवशी शोक करायला धर्माची मनाई आहे, म्हणून तो रडत नाही. रात्री तो प्रार्थनागृहात एकटा बसतो. मिटल्या डोळ्यांपुढे गाव उभे राहते: कोण कुठे बसे, कुणाचा आवाज कसा होता. तेवढ्यात अकराव्या शतकातला स्पेनमधला थोर हिब्रू कवी शेलोमो इब्न गबिरोल त्याच्यापुढे प्रकटतो. निवेदक त्याला आपले दुःख सांगतो. तुझे गाव विसरले जाऊ नये म्हणून मी एक खूण करतो, असे सांगून कवी एक स्तोत्र रचतो. त्याच्या ओळींची आद्याक्षरे जोडली की बुचाच हे नाव होते. पण ते स्तोत्र इतके थोर असते की निवेदकाचे भान हरपते आणि एकही ओळ त्याच्या ध्यानात राहत नाही. ते स्वर्गात आहे, तिथले पवित्र कवी ते गातात, एवढेच तो सांगू शकतो.

अग्नॉनने उरलेले आयुष्य या विसरलेल्या स्तोत्राची भरपाई करण्यात घालवले, असे मला वाटते. १९५० च्या दशकापासून तो बुचाचच्या गोष्टी एकामागून एक लिहू लागला. गाव वसले कसे, प्रार्थनागृहे कशी बांधली, कोण रब्बी आले आणि का गेले, बाजार कुठल्या दिवशी भरे, कोण कशात बुडाला. यात गावाची भलामण नाही. धनवानांच्या मुलांऐवजी गरिबाघरची पोरे ऑस्ट्रियाच्या सैन्यात ढकलणारे पुढारी त्यात आहेत. भांडखोर विद्वान आणि लबाड कारभारीही आहेत. मेलेल्यांविषयी फक्त चांगलेच बोलायचे, असे त्याने ठरवले असते तर कुणी दोष दिला नसता. त्याने तसे केले नाही. खरी माणसे खोट्यासकट आठवली तरच ती जगली होती हे पटते.

नोबेल समारंभ १० डिसेंबर १९६६ रोजी स्टॉकहोममध्ये झाला. तो शनिवार होता आणि ज्यूंच्या हनुक्का सणाचे दिवस होते. शब्बाथ हा विश्रांतीचा दिवस संपल्यावर, डोक्यावर काळी टोपी घालून, अठ्ठ्याहत्तरी ओलांडलेला अग्नॉन राजा सहावा गुस्ताव अडॉल्फ याच्यापुढे उभा राहिला. पारितोषिक त्याला आणि नेली साक्स या जर्मन-ज्यू कवयित्रीला विभागून होते. भाषणात त्याने सांगितले की रोमच्या टायटसने जेरुसलेम उद्ध्वस्त केले म्हणून आपण परदेशात, एका गावात जन्मलो, पण आपण स्वतःला जेरुसलेममध्येच जन्मलेले मानत आलो. १९६७ च्या युद्धानंतर, जिंकलेला सगळा प्रदेश राखावा अशी मागणी करणाऱ्या लेखकांच्या जाहीरनाम्यावर त्याने सही केली. त्याच्या सही करण्यावर आजही वाद होतो, आणि तो व्हायला हवा. १७ फेब्रुवारी १९७० रोजी तो वारला. ऑलिव्हच्या डोंगरावर त्याचे दफन झाले. बुचाचच्या गोष्टी त्याच्या मुलीने, एमुना यारोनने, जुळवून १९७३ साली छापल्या. ‘गाव आणि त्यातले सारे काही’ असे त्या जाड ग्रंथाचे नाव. त्याची शेवटची कथा ‘खूण’.

याच बुचाचमध्ये १९०० साली इमान्युएल रिंगेलब्लूम जन्मला. नाझींनी ज्यूंसाठी केलेल्या वॉर्सॉच्या कोंडवाड्यात त्याने तिथल्या जगण्याचे दप्तर गुप्तपणे जमवले आणि पत्र्याच्या पेट्यांत, दुधाच्या कॅनमध्ये घालून पुरून ठेवले. १९०८ साली तिथेच सायमन विझेंथाल जन्मला, ज्याने नाझी गुन्हेगारांचा माग काढण्यात हयात घालवली. एकाने पुरावा जपला, एकाने गुन्हेगार शोधले. अग्नॉनचे काम तिसरे: मारले गेलेले लोक मरण्याआधी कसे जगत होते, ते सांगण्याचे. दप्तर आणि खटले यांतून मृत्यू सिद्ध होतो. बाजाराच्या दिवशीचा गोंगाट आणि थंडीत शेगडीभोवती जमलेली माणसे कादंबरीतच उरतात.

१९८५ पासून जवळजवळ तीन दशके अग्नॉनची छबी इस्रायलच्या पन्नास शेकेलच्या नोटेवर होती. कोकणातून आणि मुंबईतून तिकडे गेलेल्या हजारो बेने इस्रायलांनी ती नोट रोज हाताळली. घरी मराठी आणि बाहेर हिब्रू, अशी दोन्ही भाषांत वावरलेली ती पिढी आता थकली आहे. अग्नॉनचे इंग्रजी अनुवाद मिळतात; वाचकाने ‘साधी गोष्ट’पासून सुरुवात करावी, मग ‘पाहुणा’ घ्यावा, आणि दोन्ही सावकाश वाचावीत. पण हिब्रूतून थेट मराठीत हा लेखक आणायचा, तर दोन्ही भाषा तोंडात असलेली माणसे हवीत. ती आज आहेत. आपल्या प्रकाशकांनी आणि अनुवादकांनी त्यांच्यापर्यंत लवकर पोचावे.